लेकराचे कर्ज, आईबापांचा धर्म

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. देवांची स्तुती बाजूला ठेवून हा माणूस आपलीच कहाणी सांगत सुटतो. सासू त्याचा तिरस्कार करते, बायकोने घराबाहेर काढले आहे, पोरगा कुठे भटकत असेल या काळजीने आई झुरते आहे आणि हा कर्जाच्या धास्तीने रात्री-अपरात्री परक्यांची घरे गाठतो आहे. पैसे वसूल करणारे येतात तेव्हा आई, बाप, भाऊ सगळेच त्याची ओळख नाकारतात आणि त्याला खुशाल बांधून नेण्याची मुभा देतात.

इतक्या जुन्या काळातही हा प्रसंग कुणाला तरी नोंदवावासा वाटला. हाता-तोंडाशी आलेला मुलगा, त्याने करून ठेवलेले देणे आणि दारात उभे राहिलेले लोक. आज दारात कुणी येण्याआधी फोन येतो. मुलाच्या फॉर्मवर संदर्भ म्हणून वडिलांचा नंबर लिहिलेला असतो. पलीकडचा माणूस मुलाचे पूर्ण नाव घेतो, एक आकडा सांगतो आणि घरातल्या दोन वयस्क माणसांना पहिल्यांदाच कळते की पोराकडे एक नव्हे, चार क्रेडिट कार्डे आहेत. २०२४च्या सुरुवातीला देशातल्या चालू क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. त्यातली बहुसंख्य कार्डे वेळच्या वेळी भरली जातात. पण ज्या घरात ती भरली जात नाहीत, तिथे त्या फोननंतर आईबापांसमोर उभा राहणारा प्रश्न हिशेबाचा असतो तितकाच धर्माचा असतो. हे आपण फेडायचे का?

या प्रश्नाचे तयार उत्तर आपल्या परंपरेत सहज सापडत नाही, कारण परंपरेतले ऋण बहुतेक वेळा उलट्या दिशेने वाहते. तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. पितरांचे ऋण संततीने फिटते. म्हणजे मूल हीच एक परतफेड आहे. पुढे स्मृतिकारांनी हे पैशालाही लावले. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, नातवानेही फेडावे, नाहीतर बापाला परलोकात सुटका नाही. इंग्रजी न्यायालयांनी याला मुलाचे धर्मकर्तव्य ठरवून कायद्यात बसवले. दख्खनमध्ये त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या दिसले. आजोबाने अंगठा उठवलेल्या खतावर नातू व्याज भरत राहिला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्या जाळात अशी वारसाने आलेली कर्जेही होती. हे पुत्रकर्तव्य कायद्यातून गेले ते थेट २००५ साली, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने. त्यानंतर बापाने काढलेल्या कर्जासाठी आता केवळ मुलगा आहे म्हणून कोणतेही न्यायालय त्याच्यामागे लागू शकत नाही.

आणि मुलाचे कर्ज बापाने? इथे याज्ञवल्क्य स्मृती अगदी स्पष्ट आहे. मुलाने केलेले कर्ज बापाने देण्याचे कारण नाही. अपवाद एकच, ते कर्ज कुटुंबासाठी काढलेले असेल तर. मनूने मोजलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांत, पहिले पद ऋणादानाचे आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने ‘धर्मकोश’ काढायला घेतला, तेव्हा त्याचीही सुरुवात व्यवहारकांडानेच झाली. या विषयावर आपल्याकडे किती बारकाईने विचार झाला होता, ते त्या पानांतून समजते. दारू, जुगार आणि कामवासनेपायी केलेले बापाचे कर्जदेखील मुलाला बांधील नाही, असे याज्ञवल्क्यच सांगतो. कर्ज कशासाठी झाले, हा प्रश्न ते कुणी केले याच्याइतकाच महत्त्वाचा मानला गेला. आणि या सगळ्या कोरड्या तरतुदींत एक ओलसर जागाही आहे. बाप मुलाचे कर्ज देऊ शकतो, जर त्याने त्याला संमती दिली असेल तर, किंवा पुत्रस्नेहापोटी द्यावेसे वाटले तर. स्मृतिकारांनी स्नेहाला कर्तव्याच्या रकान्यात घातले नाही. त्याचा रकाना वेगळा ठेवला. हा भेद फार मोलाचा आहे. आईबाप मुलाच्या कार्डाचे पैसे भरतात तेव्हा ते देणे लागतात म्हणून भरत नाहीत, आणि हे त्यांना व मुलालाही ठाऊक असायला हवे.

या भेदाची सर्वांत कठोर परीक्षा विसाव्या शतकात एका बापाने दिली. १९२५ साली लायलपूरहून एका वकिलाचे पत्र मोहनदास गांधींना आले. वकिलाच्या अशिलाने ऑल इंडिया स्टोअर्स नावाच्या कंपनीत पैसे गुंतवले होते, कारण संचालकांत गांधींचा मुलगा होता. आता पत्रांना उत्तर येत नव्हते, पैशांचा पत्ता नव्हता. गांधींनी ते पत्र आणि आपले उत्तर दोन्ही ‘यंग इंडिया’त छापले. होय, हरिलाल माझाच थोरला मुलगा, पण तो छत्तिशी ओलांडलेला, स्वतः मुलाबाळांचा बाप आहे. त्याच्या व्यवहारांशी माझा संबंध नाही. माझे नाव पाहून कुणी पैसे गुंतवू नयेत. असा त्या उत्तराचा आशय होता. दोष असूनही आपला त्याच्यावर जीव आहे, हेही त्यांनी तिथेच लिहिले. हरिलाल पुढे दारू आणि कर्जाच्या गर्तेत खोल जात राहिला आणि वडिलांच्या मागोमाग काही महिन्यांतच, जून १९४८मध्ये, मुंबईत वारला. मराठी प्रेक्षकांना ही वेदना अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकातून परिचित आहे.

पैसे देण्यास गांधींनी दिलेला नकार योग्यच होता. दुसऱ्याच्या नावावर विसंबून फसलेल्या लोकांना सावध करणे हे त्यांचे सार्वजनिक कर्तव्य होते. पण तो नकार छापील होता, आणि बापाचा छापील नकार वाचणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याचा विचार मनातून जात नाही. गांधींना तसे करण्याला कारण होते. सामान्य घरात ते कारण नसते, तरीही अनेक आईबाप हीच गोष्ट आपल्या परीने करतात. मुलाच्या कर्जाची वार्ता काका-मामांपर्यंत, सासरपर्यंत, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पोचते. लाज वाटली की शहाणपण येईल, असा त्यामागचा हिशेब असतो. प्रत्यक्षात लाजेने माणूस लपतो. आणि लपलेला माणूस चौथ्या कार्डावरून रोकड काढून पहिल्या कार्डाची किमान रक्कम भरतो.

त्या किमान रकमेचे गणित प्रत्येक आईबापाने एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा एक लाख रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे वर्षाला बेचाळीस. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३० रुपये. मुलाने ५,००० भरले तर मुद्दलातून गेले फक्त ८७०. शिवाय थकबाकी उरली की बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे त्या महिन्यात घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. काहीच भरले नाही तर विलंबशुल्क न धरताही दीड वर्षाच्या आत-बाहेर देणे दुप्पट होते. दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदूंच्या बाबतीत पाळत असत. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, असा तो नियम. कार्डाच्या व्याजाला तो लागू नाही. ग्राहक आयोगाने २००८मध्ये घातलेली तीस टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केली. हे गणित ठाऊक नसलेला बाप मुलाला आळशी किंवा उधळा ठरवतो. पण पोरगा दरमहा इमानाने भरत असतो आणि तरी तिथल्या तिथेच असतो. धर्माची चर्चा करण्यापूर्वी एवढा न्याय त्याला मिळायला हवा.

गणित कळले की बहुतेक घरांत दुसरे टोक गाठले जाते. एफडी मोडा, सगळे एकदम भरून टाका, विषय संपवा. निवृत्त बापाला हे सोपे वाटते, कारण त्यात बोलावे लागत नाही.

महाभारतात हे नेमके घडले आहे. सभापर्वात युधिष्ठिर राज्य, भाऊ, स्वतःला आणि द्रौपदीलाही हरला. अपशकुनांनी घाबरलेल्या धृतराष्ट्राने द्रौपदीला वर मागायला सांगितले. तिने दोन वरांत पतींना दास्यातून सोडवले आणि तिसरा वर घेण्याचे नाकारले. मग पित्याच्या जागी असलेल्या त्या म्हाताऱ्याने हरलेले सारे धन आणि राज्य परत देऊन टाकले. एका वाक्यात सगळे कर्ज माफ. कुणी हिशेब मागितला नाही, कुणी युधिष्ठिराशेजारी बसले नाही, पट बाजूला टाकला नाही. पांडव अजून इंद्रप्रस्थाच्या वाटेवरच होते तेवढ्यात पुन्हा खेळायचे बोलावणे आले. ज्येष्ठांची आज्ञा मोडायची नाही म्हणत युधिष्ठिर परत फिरला. या वेळचा पण होता बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास.

अनुद्यूताची, म्हणजे या दुसऱ्या द्यूताची, ही गोष्ट कर्ज माफ होऊनही कारण जागच्या जागी राहिल्याची आहे. कार्डाच्या बाबतीत हे फार सरळपणे दिसते. बापाने थकबाकी भरली की लिमिट पूर्ण मोकळे होते. बँकेच्या दृष्टीने तो आता चांगला ग्राहक असतो आणि महिन्याभरात लिमिट वाढवून देण्याचा संदेश येतो. जो मुलगा दोन लाखांच्या मर्यादेत अडकला होता, त्याच्या हातात आता चार लाखांची मर्यादा असते.

पण महाभारत तिथे थांबत नाही, आणि या विषयावर बोलताना हा दुसरा प्रसंग क्वचितच कुणाला आठवतो. वनपर्वात काम्यकवनात बृहदश्व नावाचा ऋषी येतो. युधिष्ठिर त्याला विचारतो, माझ्याइतका अभागी राजा कधी झाला आहे का? बृहदश्व उपदेश करत नाही. तो बसतो आणि नळाची गोष्ट सांगतो : द्यूतात राज्य गमावलेला, बायकोला रानात सोडून गेलेला, तरी परत उभा राहिलेला माणूस. त्या गोष्टीत नळ ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकतो आणि ती शिकताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. गोष्ट संपल्यावर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतो. धृतराष्ट्राने राज्य दिले, ते काही दिवसही टिकले नाही. बृहदश्वाने दिलेली विद्या विराटाच्या दरबारात कामी आली, जिथे युधिष्ठिर कंक म्हणून द्यूतातच राजाची करमणूक करत राहिला आणि पुन्हा बुडाला नाही. आईबापांना निवडायचे असेल तर या दोघांतून निवडावे.

बृहदश्वासारखे बसणे म्हणजे व्यवहारात काय, हेही सांगायला हवे. सगळ्या कार्डांची गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट एका टेबलावर यावीत, आणि ती मुलाने आणावीत. ज्या कार्डाचे व्याज सर्वांत जास्त ते आधी संपवायचे, बाकीच्यांवर किमान रक्कम चालू ठेवायची, नवा खर्च फक्त रोख किंवा यूपीआयने. बँकेशी बोलून थकबाकीचे हप्ते करून घ्यावेत. चौदा टक्क्यांनी पर्सनल लोन मिळाले तर एक लाखाचा दोन वर्षांचा हप्ता सुमारे ४,८०० रुपये बसतो. म्हणजे मघाच्या उदाहरणात जेवढ्या पैशांत मुद्दलातून ८७० रुपये कमी होत होते, त्याहून कमी पैशांत कर्ज संपते. तडजोड करून कमी रकमेत मिटवले तर सिबिलच्या अहवालात खाते ‘बंद’ ऐवजी ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ते आड येते, हे आधीच कळलेले बरे. वसुलीच्या फोनबद्दलही घरात एकदा स्पष्ट बोलणे व्हावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकावता येत नाही, घरच्यांना छळता येत नाही. जामीन राहिलेला नसेल तर वयात आलेल्या मुलाच्या कार्डाचे पैसे बापाकडून मागण्याचा अधिकार बँकेला नाही. याज्ञवल्क्याचे आणि आजच्या कायद्याचे इथे एकमत आहे. मात्र घाबरून कुठल्याशा नव्या कागदावर जामीन म्हणून सही केली, तर बाप मूळ कर्जदाराइतकाच बांधला जातो.

स्नेहापोटी पैसे द्यायचेच ठरले, तर ते मुलाच्या हातात न देता थेट त्या खात्यात भरावेत, ते कार्ड त्याच दिवशी बंद करून घ्यावे आणि दिलेली रक्कम मुलाने आईबापांना परत करायची असे ठरावे. महिना दोन हजार का असेनात. याला कुणी कठोरपणा म्हणेल. पण परतफेडीतला आनंद मुलाकडून काढून घेण्याचा अधिकार आईबापांना तरी कुठे आहे? बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात अनणसुख, कुणाचेही देणे नसण्याचे सुख, स्वतंत्रपणे मोजले आहे. धन असण्याचे सुख वेगळे, ते उपभोगण्याचे वेगळे, आणि हे वेगळे. दुसऱ्याने परस्पर भरलेल्या कर्जातून सुटका होते, पण हे सुख त्या मुलाच्या वाट्याला येत नाही. विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांत, तर याहून सूचक गोष्ट आहे. संघात प्रवेश मागणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांत दोन प्रश्न असे आहेत : तू ऋणमुक्त आहेस ना? तुला आईवडिलांची अनुमती आहे ना? दुसरा प्रश्न बुद्धांचा मुलगा राहुल याच्या प्रव्रज्येनंतर बुद्धांचे वडील शुद्धोदन यांच्या विनंतीवरून आला. एक व्यथित आजोबा त्यामागे आहे. संसार सोडून निघालेल्या माणसालाही संघ सांगत होता की देणे टाकून इथे येता येणार नाही, आणि आईबापांना न सांगताही नाही.

पैसा कुठून यायचा, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मराठी घरांत एक गोष्ट फार सहज घडते. आईच्या पाटल्या निघतात. सोनेतारण कर्ज स्वस्त असते हे खरे. पण स्त्रीधनावर पतीचा, मुलाचा, पित्याचा, भावांचा कुणाचाच अधिकार चालत नाही, असे कात्यायन स्मृती सांगते. पतीला ते वापरण्याची मोकळीक याज्ञवल्क्याने दिली ती दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास एवढ्यांसाठी. या यादीत मुलाच्या फोनचे आणि गोव्याच्या सहलीचे बिल बसत नाही. आईने आपणहून दिले तर तो तिचा स्नेह. पण ‘आई, तूच आता काहीतरी कर’ असे म्हणत घेतलेले दागिने आपणहून दिलेले नसतात. तीच गोष्ट ग्रॅच्युइटीची आणि पीएफची. पासष्ट वर्षांच्या माणसाला त्या पैशांची भरपाई करायला उरलेले आयुष्य पुरत नाही. तिशीतल्या मुलाला पुरते.

आणि दुसरे मूल? त्याचा विचार फार थोडे जण करतात. देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती. दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले. जिजाईने स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा व्यापाराला लावले, असे परंपरा सांगते. पुढे तुकोबांनी लोकांकडचे येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना माहीत असते. तिचा एक तपशील मात्र मागे राहतो. आधी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याची अर्धी खते वेगळी काढून दिली. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाटणीची. दुसऱ्याच्या हक्काच्या पैशातून उदार होता येत नाही, एवढे तुकोबांनी वैराग्याच्या त्या क्षणीही सांभाळले. थोरल्याच्या कार्डांसाठी एफडी मोडताना धाकट्या मुलीला ते सांगितले जाते का? बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप परत आलेल्या मुलाला धावत जाऊन मिठी मारतो, मेजवानी देतो. पण शेतात राबून आलेला थोरला दाराबाहेर अडून बसतो तेव्हा बाप त्याच्याकडेही जातो आणि जे माझे आहे ते सगळे तुझेच आहे, असे त्याला सांगतो. धाकट्याचा वाटा त्याने आधीच उडवलेला होता. थोरल्याच्या वाट्याला बापाने हात लावल्याचे तिथे लिहिलेले नाही.

आता याज्ञवल्क्याचा तो अपवाद, कुटुंबासाठी काढलेले कर्ज. स्टेटमेंट टेबलावर येतात तेव्हा पहिल्यांदा तेच शोधावे. मुंबई-पुण्यात भाड्याने राहून गावी पैसे पाठवणाऱ्या कितीतरी मुलांच्या कार्डावर घरचाच खर्च असतो : वडिलांच्या बायपासच्या वेळी विम्याने न दिलेली रक्कम, बहिणीच्या लग्नातल्या हॉलची आगाऊ रक्कम, नोकरी गेल्यावरच्या चार महिन्यांत आईला काही कळू नये म्हणून नेहमीसारखे धाडलेले दहा हजार. अशा नोंदी सापडल्या तर त्यांची वेगळी बेरीज करावी. तेवढी रक्कम मुलाला दिलेली मदत म्हणून मोजता येणार नाही, आणि ती त्याच्याकडून परत घेण्याचाही प्रश्न येत नाही. बँकेच्या नोंदीत ती त्याची असली तरी शास्त्राप्रमाणे ते घराचे कर्ज आहे, आणि ते बापाने द्यायचे आहे.